लसणाची सालं आणि शेजारच्या कुरड्या

लसूण हा विषय माझ्या आयुष्यात फार उशिरा आला. तोपर्यंत तो माझ्या ताटात होताच. परंतु ताटातल्या वस्तूचा माणूस विचार करतोच असे नाही. भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवले, निवृत्त झालो, आणि वैनगंगेच्या पलीकडे कारध्याला बांधलेल्या छोट्या घरात पुस्तके विषयवार लावण्याचे काम मोठ्या गांभीर्याने हाती घेतले. स्वयंपाकघरातला माझा वावर पाण्याच्या माठापर्यंत होता, आणि माठ दाराशीच होता.

त्या उन्हाळ्यात पत्नी अंगणातल्या ओल्या फरशीवरून घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. दवाखान्यातून परतताना तिने ऑटोतच जाहीर केले, "आता तुमाले शिकाच लागन." मी मान डोलावली. मान डोलावण्याचा माझा सराव मोठा आहे.

त्याच संध्याकाळी तिच्या थोरल्या बहिणीचा नागपूरहून फोन आला. पत्नीने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला होता, त्यामुळे मला सगळे ऐकू येत होते. आणि मी खोलीत आहे हे ठाऊक असूनही ताईंनी काही राखून ठेवले नाही.

"प्लास्टर निघेपर्यंत तू माझ्याकडं राह्य. जवाईबापूले काय येते? चहा तरी येते का त्यायले?"

चहा मला येत होता. परंतु तसे सांगण्याचे धैर्य गोळा होईपर्यंत बोलणे पुढे निघून गेले होते.

पत्नीला जायचे नव्हते. ताईंचे घर उंच इमारतीत आहे, तिथून आभाळ दिसते पण जमीन दिसत नाही. शिवाय ताईंचे प्रेम सकाळपासून सुरू होते आणि उशी कुठल्या कुशीखाली घ्यावी इथपर्यंत पोहोचते. "तिच्या घरी मी लहान बहीण आहो," पत्नी म्हणाली, "अन् इथं मी मोठी आहो. आता या वयात मले लहान व्हायचं नाई."

तिने जाऊ नये असे मलाही वाटत होते. हे वाक्य कागदावर किती सहज उतरले! तोंडाने मात्र ते मला तिच्याजवळही म्हणता आले नाही आणि ताईंजवळ तर नाहीच. ती नसलेल्या घराची कल्पना मनात आली की मी पुस्तकांच्या कपाटासमोर जाऊन उभा राहत असे आणि तिथे कशासाठी आलो ते विसरत असे. परंतु तिला मी काय कारण सांगणार? स्वयंपाकासाठी थांब म्हणावे, तर स्वयंपाक मलाच करायचा होता.

शेवटी ताईंनीच तोडगा काढला. "रविवारी येतो. जवाईबापूच्या हातची मासोळी खातो. जमली तं राह्य तिथंच, नाई जमली तं बॅग भरून ठेवजो."

फोन ठेवल्यावर पत्नी बराच वेळ प्लास्टरवर बोट वाजवत बसली. मग म्हणाली, "मासोळीची चिंता नाई. रस्सा मी बसून सांगतो, तुम्ही करा. पण ताई चव पाहत नाई, ती लसूण पाहते. सोललेल्या लसणाची भरलेली बरणी ओट्यावर दिसली का, तिले वाटते घर चालून राहिलं. आमच्या आईचंही तसंच होतं."

अशा रीतीने माझे दांपत्यजीवन एका बरणीवर येऊन ठेपले.

पहिल्या दिवशी मी लसूण नखांनी सोलला. एक पाकळी सोलून झाली की मी ती उजेडात धरून पाहत असे आणि मगच वाटीत ठेवत असे.

"ते काय परीक्षेचे पेपर आहेत का, एकएक तपासाले?" पत्नी खुर्चीवरून म्हणाली.

वाटीचा तळ झाकण्याआधीच माझा अंगठा चुरचुरू लागला आणि नखाखाली जाळ झाला. त्या हाताने मी डोळा चोळला. यापुढचे वर्णन मी करीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोनवर शोध घेतला. कामाचा विषय असला की संदर्भ पाहावेत ही आयुष्यभराची सवय. एका चित्रफितीत एक हसतमुख तरुण सुट्या पाकळ्या डब्यात घालून, झाकण लावून, डबा जोरजोराने हलवत होता. डबा उघडताच पाकळ्या उघड्या आणि साले वेगळी. मी आमचा पितळी डबा निवडला, कारण त्याचे झाकण घट्ट बसते. डोक्यापासून कमरेपर्यंत मी तो असा काही हलवला की भिंतीपलीकडून शेजारीणबाईंचे डोके वर आले.

शेजारीणबाईंच्या घरी नदीवरची आणि तलावांतली मासेमारी चालते. तिचा नवरा पहाटे जाळे घेऊन निघतो, आणि आमची मासोळी त्यांच्याकडूनच येते. परंतु हा सगळा व्यवहार पत्नीमार्फत होत असे. माझा आणि बाईंचा परिचय केवळ नमस्कारापुरता, तोही मी दुसरीकडे पाहत केलेला.

"काहून सर, घरात भजनमंडळ बसवलं का?"

मी इतका संकोचलो की डबा छातीशी धरून म्हणालो, "नाही, लसूण आहे."

"मंग हळू वाजवा. नातू झोपून राहिला."

डबा उघडला तेव्हा निम्म्या पाकळ्या सोलल्या गेल्या होत्या, निम्म्या केवळ घाबरलेल्या दिसत होत्या. पत्नीने एक उचलून दाबून पाहिली. लसूण नवा होता, सालात ओल होती. जुना, खडखडीत वाळलेला लसूण असेल तरच डब्याची युक्ती चालते, हे त्या तरुणाने सांगितले नव्हते.

मग कोमट पाणी. पाकळ्या थोडा वेळ पाण्यात ठेवल्या की साल आपोआप सैल होते आणि बोटाने ओढली की निघून येते. ही पद्धत खरोखर सोपी आहे. माझी चूक एवढीच की थोड्याने एवढे होते तर अधिकाने अधिक होईल असे समजून मी कढत पाणी घेतले, वर झाकण ठेवले आणि वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचायला बसलो. अग्रलेख लांब होता. परतलो तेव्हा लसूण शिजण्याच्या मार्गाला लागला होता. पत्नीने तो निमूटपणे वरणात टाकायला सांगितला आणि बजावले, "भिजवलेला त्याच दिवशी संपवाचा. बरणीत भरला तं बुरशी येते."

त्यानंतर तवा. कोरड्या तव्यावर पाकळ्या मंद आचेवर लोळवल्या की साल कुरकुरते. मग फडक्यात घेऊन चोळायचे. एका भाजीपुरता लसूण असा झटपट होतो. त्याहूनही झटपट म्हणजे पाकळी ओट्यावर ठेवून वर वाटीचे बूड टेकवायचे आणि तळहाताने भार द्यायचा. साल फाटते, चिमटीत धरून काढली की झाले. मी सुरुवातीला वाटी उचलून आदळत होतो.

"दाबा, मारू नका," पत्नी म्हणाली. "त्यानं तुमचं काय बिघडवलं?"

फोडणीत टाकायचा किंवा ठेचायचाच असेल तर हीच पद्धत उत्तम, आणि आजही मी रोज तीच वापरतो. परंतु चेचलेली पाकळी बरणीत शोभत नाही आणि टिकतही नाही. ताईंच्या नजरेसाठी मला अखंड, पांढऱ्याशुभ्र, डाग नसलेल्या पाकळ्या हव्या होत्या. इथपर्यंत माझी महत्त्वाकांक्षा पोहोचली होती.

शनिवारी पत्नीने माहेरची पद्धत काढली. पाकळ्यांना तेलाचा हात लावायचा, जाड कापडावर पसरून दिवसभर कडक उन्हात ठेवायच्या, मग त्याच कापडात गुंडाळून चोळायच्या. सारी साले सुटतात. उरते फक्त पाखडणे.

"सूप मी धरलं असतं," ती प्लास्टरकडे पाहत म्हणाली. "तुमाले जमन का?"

हा प्रश्न मला लागला. मी दिघोरीच्या धानाच्या शेतकऱ्याचा मुलगा आहे. खळ्यावर वडील वाऱ्याकडे पाठ करून उभे राहत, धानाचे सूप डोक्याच्या वर धरत आणि हळूहळू तिरके करत. धान सरळ पायांशी पडे आणि कोंडा वाऱ्यासोबत पलीकडे जाई. हे मी लहानपणी शेकडो वेळा पाहिले होते. फक्त पाहिले होते, कारण हुशार मुलगा म्हणून मला बैलबंडीवर पुस्तक देऊन बसवलेले असे. तरी मनातून मला खात्री होती की ते काम माझ्या रक्तात आहे, केवळ संधी मिळाली नाही.

संधी रविवारी सकाळी मिळाली. बसून पाखडण्यात मला राम वाटेना. मी सूप घेऊन गच्चीवर गेलो. बोट ओले करून वाऱ्याची दिशा पाहिली. वारा नदीकडून येत होता, चांगला वाहता. मी शास्त्रशुद्ध रीतीने त्याच्याकडे पाठ केली, सूप उंच धरले आणि तिरके केले.

काय सांगू! लसूण टपटप पायांशी पडू लागला आणि साले अलगद उचलली जाऊन थव्याने पुढे निघाली. एकही साल माझ्या गच्चीवर थांबत नव्हती. आपल्याला काही येते, हे वाटणे फार सुंदर असते. मी सूप पुन्हा भरले.

"कुठं उडवून राहिले?" खालून पत्नीचा आवाज आला.

"वाऱ्यावर!" मी बऱ्याच मोठ्याने म्हणालो.

खळे गावाबाहेर असते, आणि खळ्याच्या पलीकडे कोणाचे अंगण नसते, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती.

"अगं बाई माय! ओ सर! थांबवा तुमचं खळं!"

मी कठड्यावरून वाकून पाहिले. शेजारीणबाईंच्या अंगणात प्लास्टिकचा मोठा कागद अंथरलेला होता आणि त्यावर नुकत्याच सोऱ्यातून पाडलेल्या कुरड्यांच्या रांगा होत्या. गव्हाचा चीक गरम, ओला, चिकट. त्यावर माझी साले बसली होती. कुरड्या पांढऱ्या, सालेही पांढरी. कुठे काय संपते आणि काय सुरू होते ते वरून कळत नव्हते.

मी खाली उतरलो आणि वाटेत एक वाक्य तयार केले. फाटकाशी पोहोचून हात जोडून म्हणालो, "माझ्या हातून अनवधानाने…"

"ते अनवधान ठेवा घरी, अन् इकडं येऊन वेचा!" बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "पोरीच्या सासरी पाठवाच्या कुरड्या हायेत ह्या. तिची सासू तळन, अन् कुरडीतून लसणाची साल निघन. मंग गावभर सांगत फिरन का कारध्याचे लोक कुरडीत लसूण टाकतेत म्हणून. बसा! ऊन चढलं का साल चिकटली, मंग कुरडी तुटन पण साल निघाची नाई."

तिने एक पाट माझ्याकडे सरकवला, नवऱ्याचा दुपट्टा डोक्याला बांधायला फेकला आणि पाण्याची वाटी पुढे ठेवली. बोट ओले करून साल अलगद उचलायची, चिकाची तार तुटू द्यायची नाही. मी गुडघ्यांवर येऊन वेचू लागलो. ज्या घराला मी नमस्कारही दुसरीकडे पाहत करीत असे, त्या घराच्या अंगणात मी दुपट्टा बांधून जवळजवळ लोटांगणाच्या अवस्थेत होतो.

तेवढ्यात बाईचा नवरा ताजा रोहू घेऊन आला. त्याने मला पाहिले, बायकोला पाहिले, आणि काहीही न विचारण्याचा शहाणपणा दाखवला. "सर, मासोळी इथं देऊ का घरी देऊ?" एवढेच तो म्हणाला. मी ओल्या बोटाने घराकडे खूण केली.

आणि मग फाटकाशी ऑटो थांबल्याचा आवाज आला. आमच्या नव्हे, शेजारीणबाईंच्याच. आमच्या दाराशी पत्नीला विचारून ताई ऑटोतून तशाच इकडे आल्या होत्या. हातात पर्स, डोळ्यांवर गॉगल, मागे कानकोंडी झालेली पत्नी.

"जवाईबापू," ताई गॉगल वर करून म्हणाल्या, "हे कोणतं नवीन काम धरलं?"

माझ्या तोंडून शब्द फुटण्याआधीच शेजारीणबाई वळली. "तुम्हीच का मोठ्या बहीण? हिले नागपूरले नेणार म्हणते, त्या?"

"हौ. यायले घरातलं काई येत नाई ना."

"येत तं नाईच," बाई ठामपणे म्हणाली. "मी पाहून राहिली ना. सकाळ झाली का ठकठक, मंग खडखड, एक दिवस तं घरातून धूर. आमाले चैन नाई. पण येत नसून माणूस एवढं करून राहिला, तं येत असतं तं काय केलं असतं? अन् तुम्ही हिले नेलं तं हे एकटे राहतीन. मंग माझ्या पुढच्या कुरड्या कोण वाचवन? नेऊ नका बाप्पा."

माझ्या बाजूने इतके प्रभावी भाषण यापूर्वी कोणी केल्याचे मला स्मरत नाही. त्यातले एकही वाक्य मात्र माझी स्तुती करणारे नव्हते.

ताईंनी पर्स पत्नीच्या डाव्या हातात दिली, पदर खोचला आणि माझ्यासमोर बसल्या. त्यांची बोटे भराभर चालू लागली. शेजारीणबाईही बसली. कुरड्यांवरून विषय पोरीच्या सासूवर गेला, तिथून सगळ्यांच्या सासवांवर, आणि मी मधे बसून साले वेचत राहिलो. शेवटची कुरडी साफ झाली तेव्हा माझी पाठ वाकलेलीच राहिली होती.

घरी आल्यावर मी पहिले काम बरणीचे केले. गच्चीवरचा लसूण गोळा केला, कोरड्या बरणीत भरला आणि ओट्याच्या ऐन मध्यभागी, खिडकीचा उजेड पडेल अशा जागी ठेवला.

ताईंनी पाहिले. "एवढा लसूण कायले सोलला? दुकान टाकता का?"

पत्नी गडबडली. "तूच म्हणत होती ना, सोललेला लसूण दिसला का घर चालून राहिलं समजाचं?"

"मी? ते आई म्हणे. माझ्या घरी मी पाकिटातली पेस्ट वापरतो. आता कोणाले वेळ हाय सोलत बसाले?"

पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही. मीही तिच्याकडे पाहिले नाही. नंतर ताईंनी सांगितले, म्हणून बरणी फ्रिजमध्ये ठेवली.

रस्सा मी दोघी बहिणींच्या देखरेखीखाली केला. एक म्हणे गॅस कमी करा, दुसरी म्हणे वाढवा. भाजलेले खोबरे, खसखस आणि मूठभर लसूण वाटून तेलात टाकला आणि कोणाचे ऐकावे या विचारात असताना तो खाली लागला. पाणी घातले, चिंच घातली, मासोळीचे तुकडे सोडले. जेवायला बसलो तेव्हा दुपार कलली होती. ताई काटे काढत जेवल्या. पत्नी डाव्या हाताने चमचा धरून खात होती आणि प्रत्येक घासागणिक बहिणीच्या तोंडाकडे पाहत होती. तिची बॅग आतल्या पलंगावर अर्धी भरलेली होती. ती मी सकाळीच पाहिली होती.

ताईंनी दुसऱ्यांदा भात घेतला, रस्सा घेतला, हात धुतले.

"बरा हाय," त्या म्हणाल्या. "लसूण जळला थोडासा. पण आता मी रश्श्यावर नाई ठरवत. जवाईबापू, तुम्ही तोंडानं सांगा. हिले नेऊ का ठेवू?"

यासाठी माझी तयारी होती. अस्थिरोगतज्ज्ञ भंडाऱ्यातच आहेत. प्रवासात हाताला धक्के बसतील. नागपूरचा उन्हाळा इथल्याहून कडक असतो. मुद्दे क्रमाने मनात लावलेले होते. मी घसा साफ केला, आणि त्यांतला एकही मुद्दा जागेवर सापडला नाही.

"नेऊ नका," मी म्हणालो. "ती नसली की मला घरात सुचत नाही."

पत्नीने मान खाली घालून आणखी भात मागितला. तिचे पोट केव्हाच भरले होते, हे मला ठाऊक होते. तरी मी वाढला, आणि तिने तो खाल्ला.

"हे फोनवर सांगता येत नव्हतं का?" ताई म्हणाल्या. "मी कायले एवढ्या उन्हात आली?" मग पर्स उचलता उचलता त्यांनी अट घातली. पत्नी इथेच राहील. परंतु रोज संध्याकाळी मी स्वतः फोन करून त्या दिवशी काय रांधले ते सांगायचे. हिच्याकडे फोन द्यायचा नाही. "हिच्यावर भरवसा नाई. ही सगळं चांगलंच हाय म्हणन."

माझ्यासारख्याला ही शिक्षा साधी नव्हती. पहिल्या संध्याकाळी मी "वरण, भात" म्हणालो आणि थांबलो. पलीकडून "अन्?" असे आले. बऱ्याच वेळाने मी "ठेचा" म्हणालो. "लसूण कसा सोलला?" मी वाटीने दाबून सोलल्याचे सांगितले, मग कसा दाबला हे सांगावे लागले, मग आपली पाकिटातली पेस्ट आंबूस का लागते हे त्या मला विचारू लागल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी जुना लसूण आणून डबा हलवून पाहिला आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर आले, हे त्यांनी मला अत्यंत रागाने आणि बराच वेळ सांगितले. मी हसलो. फोनवर हसता येते हे मला तेव्हा कळले.

प्लास्टर निघाले. पत्नीने ओटा ताब्यात घेतला आणि माझ्याकडे लसणापुरते काम ठेवले. ज्या दिवशी तिने प्रथम पूर्ण स्वयंपाक केला, त्या संध्याकाळी मी फोन केला नाही. अट संपली असे मी धरून चाललो होतो. थोड्या वेळाने फोन वाजला. तिने कणकेच्या हाताने तो उचलला, एक-दोन वाक्ये ऐकली आणि कानापासून दूर करून माझ्यापुढे धरला.

"घ्या," ती म्हणाली. "मले नाई विचारून राहिली."